प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलूनही मिसिंग जात नाही? आधी कॉम्प्रेशन मोजा

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. दहा-पंधरा मिनिटं चालते, काही तक्रार नाही. मग सिग्नलला उभी राहिली की आयडलिंगला थरथरायला लागते, सीटखाली ठोके जाणवतात, सायलेन्सरचा आवाज लंगडतो. रेस दिली की पुन्हा बरी. चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर: तिथलं इंधन नीट पेटत नाही, यालाच मिसिंग म्हणतात. प्लग बदलले, चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी तेच. कॉइल बदलली, तेच. इंजेक्टर साफ करून घेतले, तरी तेच.

ही माझ्याच गाडीची गोष्ट. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बहुतेक वेळ सीएनजीवर चालणारं. दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल मी भरपूर शहाणपण सांगतो, पण स्वतःच्या गाडीवर अडीच महिने नुसते भाग बदलत बसलो. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन आणि दाबलेली हवा, म्हणजे कॉम्प्रेशन. पहिल्या दोघींचे भाग वरच्या वर निघतात आणि नवे बसतात. तिसरीसाठी दाब मोजणारं गेज शोधावं लागतं, चारही प्लग उतरवावे लागतात, आणि मनात धाकधूक असते की आकडा वाईट आला तर हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) काढावं लागेल. म्हणून ते काम पुढे ढकललं जातं. मीही तेच केलं.

तेव्हा कोड सतत एकाच सिलिंडरचा येत असेल, कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावली तरी कोड जागेवरच राहत असेल, प्लगची अदलाबदल करूनही हलत नसेल, तर आणखी एक भाग विकत घेऊ नका. गेज लावा. आणि आकडा कमी आला म्हणून लगेच हेडलाही हात घालू नका. हवा नेमकी कुठून जातेय ते इंजिन बंद असतानाच, बाहेरून कळू शकतं. ‘खोललं की दिसेलच’ असं म्हणून उघडलेल्या हेडमध्ये बऱ्याचदा ठळक असं काहीच दिसत नाही, आणि मग सगळंच बदलायची वेळ येते.

दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र गाडी रेटत राहू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. मग एका दोषाचे दोन होतात.

आधी कान लावा

गेज हातात नसलं तरी एक चाचणी फुकट होते. गाडी चालू न होऊ देता सेल्फ मारायचा. इंजेक्शनच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत एक्सलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि इंजिन नुसतं फिरतं. तुमच्या गाडीत तसं नसेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढा. मग ऐका. निरोगी इंजिनाचा सेल्फ एका लयीत चालतो, प्रत्येक दाबाला सारखा अडखळतो. एक सिलिंडर गळत असेल तर तीन वेळा जोर लागतो आणि चौथ्यांदा सेल्फ एकदम हलका होऊन पळतो. ही लंगडी लय एकदा कानात बसली की विसरत नाही. आणि सेल्फ मारताच इंजिन कुठेही जोर न लागता शिवणयंत्रासारखं गरगर फिरलं, तर टायमिंग बेल्ट तुटलाय किंवा घसरलाय असं धरा आणि पुढे सेल्फ मारू नका. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेत येतात, तिथे प्रत्येक फेरीला नुकसान वाढतं.

गेज लावताना होणाऱ्या चुका

कॉम्प्रेशन टेस्ट सोपी वाटते म्हणूनच चुकीची होते. मी पाहिलेले निम्मे ‘खराब’ आकडे इंजिनाचे नव्हतेच, पद्धतीचे होते.

इंजिन चालवून गरम करा, मग बंद करून प्लग हाताळता येतील इतपत थांबा. चारही प्लग काढा. एकच काढून मोजलं तर बाकीच्या तिघांच्या दाबाने सेल्फ मंदावतो आणि आकडा पडतो. प्लग काढण्याआधी त्यांच्या खड्ड्यातला कचरा हवेने उडवून लावा, नाहीतर वाळूचा कण बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) किंवा व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर) जाऊन बसेल. कॉइलचे कनेक्टर काढा, इंधन बंद करा, सीएनजी असेल तर टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्हही बंद करा. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडा ठेवा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही, मग दाब कसला होणार? इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर एक्सलरेटर दाबूनही तो उघडला की नाही, ते डोळ्यांनी बघून घ्या. बॅटरी भरलेली हवी, कारण सेल्फ रेंगाळला की चारही आकडे सारखेच खाली येतात आणि माणूस उगाच इंजिन झिजलं म्हणून हळहळतो.

गेजच्या नळीच्या टोकाला, प्लगच्या आट्यांजवळ, एक बारीक व्हॉल्व्ह असतो. तो दिसतो टायरच्या व्हॉल्व्हच्या कोअरसारखाच, पण त्याची स्प्रिंग खूप मऊ असते. तो खराब झाला म्हणून कोणी टायरचा कोअर बसवला तर सगळे आकडे कमी येतात. उसनं गेज आणलं असेल तर आधी चांगल्या गाडीवर लावून बघा. आट्यांची लांबीही प्लगएवढीच हवी. जास्त लांब असेल तर पिस्टनला लागू शकते.

आता सेल्फ मारा आणि काटा चार ते सहा वेळा उचलू द्या. प्रत्येक सिलिंडरला तितकेच ठोके मोजा. शेवटचा आकडा तर लिहाच, पण पहिल्या ठोक्याला काटा कुठपर्यंत गेला तेही लिहा. हा दुसरा आकडा फारसं कोणी लिहीत नाही, आणि मला विचाराल तर तोच जास्त बोलका असतो. चांगल्या सिलिंडरमध्ये पहिल्याच ठोक्याला काटा अर्ध्याच्या वर जातो आणि पुढच्या दोन-तीन ठोक्यांत पूर्ण दाब होतो. पहिला ठोका फुसका, पण काटा प्रत्येक वेळी थोडा थोडा चढत राहतो, तर संशय पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. पहिलाही फुसका आणि पुढेही काटा तिथल्या तिथेच घुटमळतो, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड पॅकिंगवर (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं सील).

डिझेलवाल्यांनी पेट्रोलचं गेज वापरू नये. पेट्रोल इंजिनात दाब साधारण १२५ ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) असतो, डिझेलमध्ये ३५० ते ५०० पर्यंत जातो. गेज फुटेल.

आकडे आले, आता?

एकटा आकडा फार काही सांगत नाही. माझ्या एका जुन्या इंजिनात चारही सिलिंडर १३५ च्या आसपास होते आणि ते मजेत चालायचं. पाहायचा असतो तो फरक. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला की आयडलिंगला नक्की जाणवतं. १५ टक्क्यांपर्यंतचा फरक बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत चालवून घेतलेला असतो. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तकात बघा. काही हायब्रिड गाड्यांत इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो, त्यामुळे इंजिन धडधाकट असूनही आकडा कमी येतो. उंचावरच्या गावात दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी दाब घटतो, हेही हिशेबात धरा.

एकच सिलिंडर पडलं असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा पिस्टन. शेजारशेजारची दोन सिलिंडर दोन्ही पडली असतील, समजा १७०, ६५, ६०, १७०, तर दोघांच्या मधली हेड पॅकिंग उडालेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एकाची दाबलेली हवा दुसऱ्यात जाते आणि दोघंही बसतात. चारही सारखेच पडले असतील तर आधी बॅटरी आणि थ्रॉटल पुन्हा तपासा, मग टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या वेळांची जुळणी). बेल्ट एखादा दात घसरला तरी सगळ्यांचं कॉम्प्रेशन एकत्र खाली येतं. व्ही आकाराच्या इंजिनात एकाच बाजूची सगळी सिलिंडर पडली तर त्या बाजूच्या कॅमकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडे) बघा.

आकडा जास्त आला म्हणून खूश होऊ नका. पिस्टनवर कार्बनचे थर साचले किंवा वर तेल येत असलं तरी आकडा वाढतो. दोन सिलिंडर १७० आणि दोन २०० असतील, तर १७० वाली चांगली आणि २०० वाली आजारी, असंही असू शकतं.

चमचाभर तेल

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली, इंजिन ऑईल सोडा. दोन-चार फेऱ्या सेल्फ मारून ते पसरू द्या, मग पुन्हा मोजा. तेल रिंगांच्या भोवती थोडा वेळ सील करतं. आकडा एकदम ३०–४० पीएसआयने चढला तर गळती रिंगांतून आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग.

हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. पण ही चाचणी फसवते कधी, ते कमी ठिकाणी सापडतं. पिस्टनला भोक पडलं असेल किंवा त्याचा काठ तुटला असेल तर तेलाने काही भरून निघत नाही, आणि मग माणूस रिंगांना निर्दोष ठरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंगला हेड पाठवतो. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात तेल एका बाजूलाच जमा होतं, सगळीकडे पोचत नाही. आणि हात सैल सोडून तेल ओतलं तर दहनकक्षाची जागाच कमी होते आणि कोणत्याही सिलिंडरचा आकडा वाढतो. म्हणून चांगल्या सिलिंडरमध्येही तेवढंच तेल घालून तुलना करा. डिझेल इंजिनात ही चाचणी करू नका. तिथे मोकळी जागा इतकी थोडी असते की तेलाने पिस्टन अडू शकतो, आणि दाबाच्या उष्णतेने ते तेल पेटूही शकतं.

याच तेलाचा एक वेगळा उपयोग. गाडी जागेवरून दोन मीटर हलवायला चालू केली, लगेच बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसताच फिरतोय, गाडी काही चालू होत नाही. असं झालं असेल तर थंड इंजिनात आलेल्या जादा पेट्रोलने बोअरवरचा तेलाचा थर धुऊन नेलेला असतो. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं, पण झिजलेलं काही नसतं. प्लग सुकवा, प्रत्येक भोकात चमचाभर तेल घाला, काही फेऱ्या मारा, प्लग लावा. थोडा वेळ निळा धूर येईल, तो येऊ द्या.

हवा भरा आणि ऐका

कॉम्प्रेशन गेज किती ते सांगतं. कुठून, ते सांगतं लीक-डाऊन टेस्टर. दोन काट्यांचं साधं उपकरण: कॉम्प्रेसरची हवा एका बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये सोडायची, पहिल्या काट्यावर आत सोडलेला दाब, दुसऱ्यावर सिलिंडरने धरून ठेवलेला. १०० सोडले आणि ८५ राहिले तर गळती १५ टक्के. दहाच्या आत असेल तर इंजिन उत्तम, वीसपर्यंत वापरलेल्या इंजिनाला शोभेसं, तीसच्या पुढे काहीतरी नक्की बिघडलेलं. उपकरणाच्या छिद्राप्रमाणे टक्के थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून इथेही चारही सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा.

खरी कामगिरी काट्यांची नाही, कानांची आहे.

ज्या सिलिंडरचं बघायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी उभी धरून क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा मुख्य दांडा) हाताने फिरवली की नळी वर येऊन थांबते, तो टॉप. पण असा टॉप दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. ऑईल कॅपमधून किंवा व्हॉल्व्ह कव्हर काढून कॅमचे उंचवटे बघा. दोन्ही व्हॉल्व्हवरून ते बाजूला वळलेले हवेत. चुकीच्या टॉपला हवा सोडली तर शंभर टक्के गळती दिसेल आणि काळजाचा ठोका चुकेल. मी तो अनुभव घेतलेला आहे.

क्रँकच्या बोल्टवर पाना तसाच अडकवून हवा सोडू नका. पिस्टन टॉपच्या किंचित इकडेतिकडे असला तर हवा त्याला जोरात खाली ढकलते, क्रँक फिरते आणि पाना हाडावर बसतो. आधी १०–१५ पीएसआय सोडून इंजिन स्थिर आहे का बघा, मग वाढवा.

आता फुसफुस कुठे येते ते ऐका. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं फिरवलं तर फार बरं पडतं. एअर फिल्टर काढून थ्रॉटल उघडा. तिथून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरच्या तोंडातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑईल कॅप किंवा डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंग किंवा पिस्टन. इथे थोडा आवाज चांगल्या इंजिनातही येतोच, कारण रिंगांच्या तोंडाशी फट असतेच. म्हणून चांगल्या सिलिंडरशी तुलना करूनच बोला. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग उडालीय किंवा हेडला तडा गेलाय. रेडिएटरची टोपी अर्थातच इंजिन थंड असताना काढायची, आणि या एका तपासणीसाठी पाणी काठोकाठ भरून ठेवायचं.

शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरमधली पॅकिंग. इथे एक सापळा आहे. समजा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे आणि तुम्ही एक नंबरचा प्लग काढून त्यात हवा सोडलीत, बाकीचे प्लग जागेवरच. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असताना दोन नंबरचा पिस्टन पॉवर स्ट्रोक संपवून तळाशी पोचलेला असतो आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडलेला असतो. एक आणि दोनमधली पॅकिंग उडाली असेल तर हवा दोनमध्ये शिरून सायलेन्सरमधून बाहेर पडणार, आणि तुम्ही म्हणणार, एक नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला! ओळखीच्या एका गाडीचं हेड असंच ग्राइंडिंगला जाऊन आलं. व्हॉल्व्ह ठीकच होते. नशिबाने नवी पॅकिंग त्या निमित्ताने पडलीच, म्हणून गाडी बरी झाली आणि श्रेय ग्राइंडिंगला मिळालं. लीक-डाऊन करताना चारही प्लग बाहेर असू द्या.

पॅकिंगचा संशय आहे पण हवा भरून काही सापडत नाही, असंही होतं, कारण काही चिरा इंजिन पूर्ण गरम होऊन धातू ताणला गेला तरच उघडतात. अशा वेळी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी लावून इंजिन चालवतात. पाण्यात एक्झॉस्टचा वायू येत असेल तर निळा द्रव पिवळा पडतो. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिला अर्धा मिनिट मिसिंग, मग साफ, आणि पाणी हळूहळू कमी होतंय, तर हीच चाचणी आधी करा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालता आला तर ज्या पिस्टनवर पाणी येतं तो बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो.

कॉम्प्रेशन कमी, पण गळती नाही

इथे बरेच जण गोंधळतात. गेज ९० दाखवतंय आणि लीक-डाऊन ८ टक्के. मग हवा जाते कुठे? जात नाही, ती पुरेशी आतच येत नाही, किंवा आलेली नीट दाबलीच जात नाही.

आत येत नसेल तर इनटेक व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. कॅमचा उंचवटा झिजलाय, रॉकर निसटलाय, हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधला तुकडा) बसलाय. व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन हाताने फिरवा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो ते शेजारच्याशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम. कॅम टायमिंग चुकलं असेल तरी हेच चित्र दिसतं, कारण टॉपला दोन्ही व्हॉल्व्ह बंदच असतात आणि लीक-डाऊन चाचणीला टायमिंग कळत नाही. फक्त तिथे चारही सिलिंडर कमी असतील.

दाबली जात नसेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलाय का बघा. गाडी साचलेल्या पाण्यातून गेली, पाणी ओढलं, इंजिन धाडकन बंद पडलं, नंतर सुकवून चालू झालं, पण तेव्हापासून एका सिलिंडरचं मिसिंग. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचा पिस्टन टॉपला दीड-दोन मिलिमीटर खालीच राहतो. रिंगा चांगल्या, व्हॉल्व्ह चांगले, गळती शून्य, आणि दाब मात्र होत नाही. चारही भोकांत एकच सरळ सळई घालून टॉपला खोली मोजा. एकाची जास्त भरली तर शोध संपला.

माझ्या गाडीचं काय निघालं

थंड इंजिनावर पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडे आले १७०, १७५, १५०, १७०. १५ टक्क्यांच्या आत. ‘कॉम्प्रेशन ठीक आहे’ असं ठरवून मी पुन्हा इंजेक्टरच्या मागे लागलो. ही माझी चूक. तक्रार गरम इंजिनाची होती आणि मी मोजलं थंड इंजिनावर.

दोन आठवड्यांनी वीस मिनिटं गाडी फिरवून, थरथर सुरू झाल्याबरोबर बंद करून, हातमोजे घालून प्लग काढले: १७५, १७५, ९५, १७०. काटा पहिल्या ठोक्याला चाळीसच्या पुढे गेला नाही आणि नंतर रडतखडत चढला. तेल घातल्यावर जेमतेम १००, म्हणजे रिंगा नव्हेत. हवा भरली तर ४५ टक्के गळती, आणि सायलेन्सरपाशी फुसफुस. इंजिन थंड झाल्यावर तीच हवा पुन्हा भरली तर जवळपास शांतता.

जळलेला व्हॉल्व्ह थंड असतानाही गळतो. गरम झाल्यावरच गळणारा व्हॉल्व्ह म्हणजे टॅपेटची फट संपलेली. व्हॉल्व्हची दांडी तापून लांब होते, तिच्यासाठी कॅम आणि टॅपेटमध्ये फट सोडलेली असते. माझ्या इंजिनाला एक्झॉस्टची फट थंड असताना ०.३० मिमी हवी. फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घातलं तर तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हला ०.०८ ची पातळ पट्टीसुद्धा घासत जात होती. तापलं की फट शून्य, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही.

फट वाढत जाते असं आपण धरून चालतो, कारण जुन्या इंजिनांचे टॅपेट वाजतात. इथे उलट होतं. सीएनजी कोरडा वायू आहे. त्यात व्हॉल्व्ह आणि सीट जास्त झिजतात, व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत जातो, त्याची दांडी तितकी वर येते आणि फट आवळत जाते. वाजणारा टॅपेट निदान कानावर तरी येतो. आवळलेला गप्प असतो, आणि व्हॉल्व्ह जाळतो, कारण व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर थंड कसा होणार?

माझ्या इंजिनात टॅपेटच्या वाट्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. हिशेब सोपा: नवी जाडी म्हणजे जुनी जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. ०.०८ वजा ०.३० म्हणजे ०.२२ ने पातळ वाटी. ती बसवली, गरम करून मोजलं, १६५. हेडला हातही लावला नाही. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता, हे नशीब.

दुरुस्ती केली, तरी परत आलं

कॉम्प्रेशनची दुरुस्ती परत बिघडते तेव्हा बहुतेक वेळा भाग वाईट नसतो, मूळ कारण तसंच राहिलेलं असतं.

पॅकिंग पुन्हा उडाली तर पहिला प्रश्न: इंजिन मुळात का तापलं होतं? पंखा, थर्मोस्टॅट, बुजलेला रेडिएटर यांतलं काही दुरुस्त केलं होतं का? दुसरा: हेडवर सरळ पट्टी ठेवून, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत, फीलर गेजने वाक मोजला होता का? बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ब्लॉकचा माथाही असाच तपासायचा असतो, पण तिथे पट्टी ठेवायची तसदी फार कमी जण घेतात. तिसरा: बोल्ट. आजच्या अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून घट्ट करायचे असतात, आधी ठरावीक टॉर्क आणि मग ठरावीक अंश. असे ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. शिवाय बोल्टच्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर पाना घट्ट झाल्याचं सांगतो, पण हेड दाबलं गेलेलं नसतं.

व्हॉल्व्ह पुन्हा जळला तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर कमी इंधन सोडतोय का बघा, आणि व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) ढिलं आहे का. गाइडमध्ये डुलणारा व्हॉल्व्ह नव्या सीटवरही सरळ बसत नाही.

नव्या रिंगांनंतर कॉम्प्रेशन आलंच नाही तर थोडा धीर धरा, रिंगा बोअरवर बसायला काहीशे किलोमीटर जातात. त्यानंतरही नाही, तर बोअर होनिंग (बारीक घासून खरखरीत करणं) न करता गुळगुळीतच ठेवला होता का, रिंगेची खूण असलेली बाजू वर होती का, रिंगांची तोंडं एका रेषेत तर आली नाहीत, हे विचारा. बोअर वरच्या भागात जास्त झिजून निमुळता झाला असेल तर नव्या रिंगा त्याला फार काळ दाद देत नाहीत. कार्बनने चिकटलेल्या रिंगा मात्र कधी कधी न खोलताही सुटतात: प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारा द्रव सोडून रात्रभर ठेवायचा, प्लग न लावता भोकांवर फडकं टाकून सेल्फ मारून तो बाहेर काढायचा, आणि गाडी चालवण्याआधी ऑईल बदलायचं. मी दोनदा केलंय, एकदा जमलं. ऑईलमध्ये ओतायच्या ‘कॉम्प्रेशन वाढवा’ बाटल्यांनी एकदाही जमलं नाही.

काहीही दुरुस्त केलं तरी गरम इंजिनावर चारही आकडे पुन्हा मोजून, तारीख आणि किलोमीटर टाकून, बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी नुसत्या आठवणीवर भांडायला नको.

माझ्या बॉनेटखाली आता दोन ओळी आहेत. पहिली: १७५, १७५, १६५, १७०, तिसऱ्याची फट ०.३०. दुसरी गेल्या आठवड्यातली, नऊ हजार किलोमीटर नंतरची: १७५, १७०, १६०, १७०, फट ०.२१. मिसिंग नाही, दिवा नाही, गाडी गुणी मुलासारखी चालतेय. पण सीट रुतायची थांबलेली नाही. अजून एकदा पातळ वाटी बसेल, त्यापुढच्या मापाची वाटी मिळत नाही. तेव्हा हेड उतरेल, आणि यावेळी ते का उतरतंय हे मला खोलण्याआधीच माहीत असेल.